जेकार्डवरचा ऑक्टोपस: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

दिवाळीची सुट्टी संपली, रविवारचा विज्ञानवर्ग पुन्हा भरला. जागा तीच, साखर पेठेतल्या एका बंद यंत्रमाग कारखान्याची पुढची खोली. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या आसपास मुलांचं प्रदर्शन ठेवायचं आहे. विषयासाठी मतदान घेतलं, त्यात डायनासोर आणि कृष्णविवर दोघंही पडले आणि ऑक्टोपस निवडून आला. समुद्राचा वारासुद्धा न लागणाऱ्या सोलापुरात!

याला कारण मोबाईलवर फिरणारी एक चित्रफीत. शेवाळानं माखलेला खडक दिसतो, कॅमेरा जवळ सरकतो, आणि त्या ‘शेवाळातला’ मोठा तुकडा एकदम पांढराफटक पडतो, डोळे वटारतो आणि शाई सोडून पळतो. अमेरिकेत वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत काम केलेले रॉजर हॅनलन यांनी पाण्याखाली टिपलेलं हे दृश्य. आठवीतल्या एका मुलीनं ते उलटं चालवून दाखवलं, तेव्हा रिकाम्या खडकावर ऑक्टोपस विरघळत गेला आणि खोलीत आरडाओरडा झाला.

“सरड्यासारखंच की ओ ताई,” हे पहिलं उत्तर आलं. तसं नाही. पँथर शॅमेलिऑन या सरड्यावर जिनिव्हातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्याच्या कातडीच्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर वाढलं की परत फिरणारा रंग बदलतो. या कामाला मिनिटं लागतात. ऑक्टोपस तेच सेकंदाच्या आत उरकतो, कारण त्याच्या रंगामागे स्नायू असतात. फळ्यावर एवढंच लिहून वर्ग सोडला: ऑक्टोपसचा रंग ही हालचाल आहे. प्रदर्शनात हीच गोष्ट दिसली पाहिजे. रंगीत दिवे लावून ‘रंग बदलणारा ऑक्टोपस’ करणं सोपं आहे, पण त्यातून लोक चुकीचंच काहीतरी घेऊन घरी जातील.

१६ नोव्हेंबर

आज रचना समजून घेतली. फळ्यावरची आकृती उतरवून ठेवते.

कातडीत लाखो रंगपेशी, म्हणजे क्रोमॅटोफोर. प्रत्येकीच्या मधोमध रंगकणांनी भरलेली लवचिक पिशवी. पिशवीच्या कडेला चहूबाजूंनी स्नायूंचे तंतू जोडलेले, साधारण १५ ते २५. तंतू आखडले की पिशवी सगळीकडून ताणली जाते आणि रंगाचा ठिपका मोठा होतो. तंतू सैल पडले की पिशवी आपल्याच लवचिकपणानं मिटते आणि ठिपका जवळजवळ नाहीसा होतो. या पिशव्यांतले रंग मोजकेच: पिवळा, तांबडा-नारिंगी, तपकिरी-काळा.

मुलांना सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की आपला स्नायू आखडला की अवयव आवळतो, इथे स्नायू आखडल्यावर रंग पसरतो. त्यावरून एकानं विचारलं, “मग ऑक्टोपस मेल्यावर?” अचूक प्रश्न. फिकट पडतो. सगळे स्नायू सैल, सगळ्या पिशव्या मिटलेल्या. कातडीकडे जाणारी चेता कापली तरी तेवढा भाग पांढरा पडतो.

या चेता मेंदूतून निघतात त्या मध्ये कुठेही न थांबता थेट रंगपेशीच्या स्नायूपर्यंत पोचतात. आदेश रक्तातून फिरत येत नाही, म्हणून एवढी झटपट. डोळ्यांमागच्या मोठ्या दृष्टिखंडात दृश्याचा अर्थ लागतो, तिथून मेंदूतल्या खास रंगपेशी-खंडांना निरोप जातो, आणि तिथून कातडीला.

निळा-हिरवा रंग कुठून येतो हे अजून सांगितलेलं नाही. एका दिवशी एवढं पुरे.

२० नोव्हेंबर

मधल्या दिवशी दोन खरेद्या. मंगळवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन घेतला. पांढरा, हलका, नखानं खरवडला तर भुकटी होणारा. हे कटलफिशच्या पाठीतलं कवच. कटलफिश म्हणजे ऑक्टोपसचा भाऊबंद, कातडीची करामत तीच, फक्त त्याच्या अंगात हा तरंगायला मदत करणारा पोकळ कप्प्यांचा फळा असतो. ऑक्टोपसनं तोही टाकून दिला. त्याच्या अंगात टणक म्हणावं असं मुख्यतः एक चोच. म्हणून चोच जाईल तिथून तो सगळा जातो. आणि म्हणूनच लपणं त्याच्या जिवाशी गाठ: नुसतं मांस, वर ना शिंपला ना खवले.

दुसरी खरेदी मासळी बाजारात. इथे राज्य उजनीच्या चिलापीचं आणि रोहू-कटल्याचं. समुद्राची मासळी बर्फातून येते. विक्रेत्या मावशींना अख्खी माकूळ (स्क्विड, हीसुद्धा ऑक्टोपसची भाऊबंद) पाहिजे, सोललेली नको, असं सांगितल्यावर त्यांनी मला नीट निरखून घेतलं. “खायला नको व्हय? मग कशाला?” शाळेसाठी म्हटल्यावर दोन जास्त टाकल्या.

२३ नोव्हेंबर

माकळीची कातडी भिंगाखाली. आजचा दिवस वसूल झाला.

साध्या डोळ्यांना लालसर झाक दिसते, भिंगातून तिचे सुटे ठिपके होतात. घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाला, म्हणजे मनु प्रकाश यांच्या फोल्डस्कोपला, मोबाईल चिकटवला आणि भिंतीवरच्या चादरीवर चित्र पाडलं. काही ठिपके मिटलेले, गडद. काही पसरलेले, विटकरी, कडा अनियमित. बर्फातली माकूळ हलणार नव्हतीच, तरी मुलं बराच वेळ ‘आता हलेल’ म्हणून बघत होती. ठिपके अंगभर सारखे नाहीत हे त्यांनीच शोधलं: पाठीवर दाट, पोटाकडे विरळ. माकळीचे ठिपके मोठे असतात म्हणून आपल्याला एवढं दिसतं. साध्या ऑक्टोपसच्या, ऑक्टोपस व्हल्गॅरिसच्या, कातडीत एका चौरस मिलिमीटरमध्ये दोनशेच्या आसपास रंगपेशी मावतात.

कातडीचा वरचा पापुद्रा सोलल्यावर डोळ्याभोवती हिरवट-रुपेरी चमक उरली. मग राहिलेला भाग सांगून टाकला. रंगपेशींच्या खाली परावर्तक पेशी असतात, इरिडोफोर. त्यांत रिफ्लेक्टिन नावाच्या प्रथिनाचे पातळ थर असतात. निळे-हिरवे रंग या थरांवरून उसळणाऱ्या प्रकाशाचे, त्यात निळी शाई कुठेच नाही. आणखी खाली ल्युकोफोर, आलेला प्रकाश जसाच्या तसा चहूकडे पसरवणाऱ्या पांढऱ्या पेशी. भोवती निळा उजेड असेल तर त्या निळसर, तांबूस असेल तर तांबूस दिसतात. निम्मं काम फुकटात.

वास मात्र मंगळवारपर्यंत राहिला. शेजारच्या काकूंनी उदबत्तीचा पुडा आणून दिला, न बोलता.

३० नोव्हेंबर

प्रतिकृतीचे प्रयोग. फुग्याच्या रबरावर शाईचा ठिपका काढून चार हातांनी ताणला. मोठा होतो, पण फिकटही होतो. लायक्राच्या कापडाचं तेच. खऱ्या पिशवीत रंगकणांचे एकावर एक थर असतात, ताणल्यावरही काही थर शिल्लक राहतात आणि रंग टिकतो. रबरावर एकच थर, तो विरणारच.

तोडगा निघाला मास्तरांकडून. मास्तर म्हणजे याच कारखान्यात जेकार्ड (मागावर नक्षी उठवणारं यंत्र) बांधण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ, आता नातवाला वर्गाला सोडायला येतात आणि जात नाहीत. म्हणाले, “ताणता कशाला ताई? चुणी घाला, चुणी उलगडा.” तपकिरी सुती कापडाची चकती, कडेला बारीक इलॅस्टिक. मोकळी सोडली की चुणून गोळा होते. कडेला आठ दोऱ्या बांधून सगळीकडून ओढली की सपाट पसरते. रंग तेवढाच गडद. मिटलेली तीनेक सेंटिमीटर, उघडी नऊ.

आणि हे खऱ्याच्या जास्त जवळचं आहे: मिटलेल्या रंगपेशीच्या पडद्यालाही घड्या पडलेल्या असतात.

आठ दोऱ्या प्लायवूडच्या भोकातून मागे घेऊन एका दोरीला बांधल्या. मागची एक दोरी ओढली की पुढे ठिपका उघडतो. मुलांनी ती उघड-मीट इतक्या वेळा केली की इलॅस्टिक बदलावं लागलं.

७ डिसेंबर

एक ठिपका झाला, आता अशा साठ ठिपक्यांना साठ दोऱ्या. त्या ओढणार कोण? मी बटणं आणि मोटरींचा हिशेब मांडत होते, मास्तर माळ्याकडे बघत होते. तिथे १२० हुकांचं एक जुनं जेकार्ड धूळ खात पडलंय.

मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी चादरी विणल्या गेल्या, पण जेकार्ड आतून कुणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते. भोकं पाडलेलं कार्ड सुयांच्या टोकांवर दाबलं जातं. भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिचा हुक जागेवर राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलते. भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते, हुक पट्टीवरून सुटतो आणि खालीच राहतो. हुकाला दोरी, दोरीला धागा. चादरीवरचा मोर म्हणजे कुठला धागा कधी उचलायचा याची यादी. ऑक्टोपसच्या कातडीतही तोच कारभार: ठिपका, त्याची स्वतःची ओढ, आणि ओढ कुणाला द्यायची हे ठरवणारं कुणीतरी वर बसलेलं.

हुकांना तेल दिलं. गंज बराच आहे. मास्तरांनी पोरांना सांगून ठेवलंय की हात मध्ये घातला तर बोट राहील, तेव्हा सध्या हँडल फक्त तेच फिरवणार.

१३ डिसेंबर

नान्नजच्या माळरानावर सहल. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य. माळढोक दिसेल अशी आशा मी मुलांना दाखवलीच नव्हती. काळवीट दिसले. पण आमच्या कामाचा निघाला एक चंडोल. मातकट गवतात दबून बसलेला, अगदी पायाजवळून उडेपर्यंत कुणालाही दिसला नाही, आणि थोडं पुढे उतरल्यावर पुन्हा नाहीसा.

परतताना एसटीत यावर वाद झाला. चंडोलाला रंग बदलता येत नाही तरी तो लपतोच की, मग ऑक्टोपसला एवढा खटाटोप कशाला? दहावीतल्या मुलानं उत्तर दिलं ते माझ्यापेक्षा बरं होतं: चंडोल सगळा वेळ एकाच रंगाच्या जागेत असतो, “त्याला हिरव्या उसात बसवा की, मग बघू.” ऑक्टोपस बिळातून निघाला की वाळू, खडक, प्रवाळ, शेवाळ असं काही मिनिटांत ओलांडतो. एकच अंगरखा पुरत नाही.

यात एक भर मी घातली. हलणारी वस्तू कितीही रंग जुळला तरी दिसते. त्यावरही ऑक्टोपस सायानिया या जातीची तोड आहे. उघड्या जागेवरून जाताना तो दगडाचा आकार घेतो आणि अगदी सावकाश सरकतो, पाण्यातून तळावर हलणाऱ्या उजेड-सावल्यांच्या बेतानं. दगडच, पण थोडा पुढे गेलेला.

२१ डिसेंबर

डोळ्यांचा दिवस. ऑक्टोपस रंगांध आहे हे मी मुद्दाम एवढे दिवस दडवून ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य एकच प्रकारचं असतं. आपल्याकडे शंकूपेशी तीन प्रकारच्या, त्यांच्या तुलनेतून आपल्याला रंग कळतात. एकाच प्रकारावर तुलना होत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं.

“मग जुळवतो कसा?” हा प्रश्न साहजिकच आला.

आधी प्रयोग केला. घरून आणलेल्या चादरींचे मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढले. एका चादरीवरचा लाल-हिरवा चौकडा फोटोत जवळजवळ पुसला गेला, कारण त्या लालाचा आणि हिरव्याचा उजेड सारखा होता. काळ्या-पांढऱ्या चादरीची नक्षी मात्र तशीच. कटलफिशवर हाच प्रयोग झालेला आहे: सारख्या उजेडाच्या दोन रंगांच्या चौकड्यावर ठेवल्यावर त्याला चौकडा जाणवलाच नाही, तो एकसारखी पाठ करून बसला. उजेडात फरक ठेवला की लगेच ठिपके-पट्टे.

म्हणजे तो जुळवतो ते उजेड, कडा, ठिपक्यांचा आकार, खडबडीतपणा. बाकी रंगाचं काम बरंचसं खालच्या परावर्तक पेशी भोवतालच्या प्रकाशावर भागवतात. शिवाय समुद्राच्या तळाशी असतात तरी किती रंग? तपकिरी, मातकट, पिवळट. पिशव्यांत तेच तर भरलेत.

दोन गोष्टी अजून पक्क्या न झालेल्या म्हणून वेगळ्या लिहिते. २०१६ मध्ये अलेक्झांडर आणि क्रिस्टोफर स्टब्स या बापलेकांनी कल्पना मांडली की विचित्र आकाराच्या बाहुलीमुळे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर केंद्रित होतात, आणि डोळा पुढेमागे करून त्यातून रंग ओळखता येत असावा. आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात डेस्मंड रामिरेझ आणि टॉड ओकली यांनी ऑक्टोपसच्या कातडीचा सुटा तुकडा उजेडात धरला, तर त्यातल्या रंगपेशी मेंदूशिवायच उघडल्या. कातडीतही प्रकाश ओळखणारी प्रथिनं आहेत. दुसरं निरीक्षण पक्कं आहे, ऑक्टोपसला त्याचा लपण्यासाठी उपयोग किती, हे उघडं आहे. पहिलं मला मोहक वाटतं, पण फलकावर ‘असं म्हणतात’च्या रकान्यातच जाईल.

२८ डिसेंबर

साठ ठिपके टांगून झाले, पाठीमागे पांढरा टॉवेल. कार्डं तीनच पाडली. हॅनलन यांनी हजारो छायाचित्रं चाळून लपण्याच्या नक्षींचे तीन ढोबळ गट मांडले: एकसारखी, ठिपकेदार आणि तोडफोड करणारी. तिसरीत मोठे गडद-फिके पट्टे असतात, त्यांनी शरीराची कडाच तुटते आणि बघणाऱ्याला ‘प्राणी’ सापडत नाही. पहिल्या कार्डाला कुठेच भोक नाही, दुसऱ्याला विखुरलेली, तिसऱ्याला पट्ट्यात.

मास्तरांनी हँडल मारलं. खाड! एका दमात अर्धा फलक तपकिरी. मुलं टाळ्या वाजवत होती आणि मी जरा अस्वस्थ होते, कारण हे जास्तच नीटनेटकं दिसतंय. कार्ड आधी पाडलेलं, नक्षी आधी ठरलेली. २०२३ मध्ये फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेच्या गटानं कटलफिशच्या कातडीचा बारकाईनं माग काढला. जनावर तयार नक्षी उचलून एकदम लावत नाही. थोडं बदलतं, थांबतं, दुसऱ्याच दिशेला जातं, पुन्हा थांबतं, असं चाचपडत जुळणीपर्यंत पोचतं. नक्षींचे प्रकारही तिनात बसवावेत इतके थोडे नाहीत.

वर्गात मत घेतलं. तीन कार्डं ठेवायची, पण बाजूला मुलांच्या हातात वीस मोकळ्या दोऱ्या द्यायच्या. समोर खडकाचा फोटो धरायचा, आणि मुलांनी एकमेकांकडे बघत, ओढत-सोडत जुळवायचं. आज करून बघितलं. गोंधळ, भांडणं, “तुझा बंद कर की बे!” आणि दोन-तीन मिनिटांनी खरंच साधारण खडकासारखं काहीतरी. मला कार्डांपेक्षा हेच खरं वाटतं.

हात दुखल्याची तक्रारही झाली. त्यावर सांगायला ताजं संशोधन होतं: २०२४ मध्ये सोफी सॉनर आणि कर्ट ऑन्थँक यांनी रुबी ऑक्टोपसच्या कातडीला लागणारा प्राणवायू मोजला. सगळ्या रंगपेशी उघडायला लागणारी ऊर्जा, स्वस्थ बसलेल्या ऑक्टोपसला एरवी लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळपास भरली. बराच वेळ बिळात दडून का राहतो, याचं एक कारण हेही असू शकेल.

४ जानेवारी २०२६

उंचवट्यांचं काम राहिलं होतं. ऑक्टोपस रंगाबरोबर पोतही बदलतो. कातडीतले गोलाकार स्नायू आवळून तो पॅपिले नावाचे कोंभ वर काढतो, गुळगुळीत अंग क्षणात काटेरी शेवाळ होतं. कटलफिशमध्ये असे कोंभ मेंदूच्या सततच्या आदेशाशिवायही तासाभरापर्यंत वर राहू शकतात, स्नायू जणू खटका लावून बसतात. आम्ही फलकाच्या कोपऱ्यात कापडाखाली बुचं ठेवून दोरीनं वर ढकलली. दिसायला सुमार. चालेल.

निळ्या वलयांचा ऑक्टोपस कुणीतरी चित्रात काढून आणलाय, सुंदर. त्याची वलयं लपण्यासाठी नसून विषाचा इशारा आहेत, आणि ती रंगपेशींनी लपवली-दाखवली जात नाहीत: परावर्तक पेशींवरची कातडीची घडी स्नायू उघडतो आणि वलय चमकतं. तेव्हा चित्र वेगळ्या भिंतीवर.

११ जानेवारी

प्रदर्शन. यात्रेमुळे गावात पाहुणे, त्यामुळे गर्दी चांगली. सगळ्यात चाललं ते ‘सरकता ढग’. ऑक्टोपस आणि कटलफिश अंगावरून गडद पट्टा लाटेसारखा पुढे सरकवतात. मुलांनी रांगेनं दोऱ्या ओढून तो केला आणि लोकांनी पुन्हा पुन्हा करायला लावला.

दुपारी एक वयस्कर विणकर आले. फलकाच्या पुढून बघितलं, मग सरळ मागे गेले, दोऱ्या बघितल्या, मास्तरांशी तेलुगूत बोलले. मग मला विचारलं, “उलट्या बाजूला काय दिसतंय?” सोलापुरी चादर विणणाऱ्याला हा प्रश्न पडणारच, तिथे एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला उलटा उतरतो.

उत्तर होतं माझ्याकडे. खालची बाजू फिकट असते, वरून उजेड पडतो तेव्हा वर गडद आणि खाली फिकट असलेलं अंग सपाट दिसतं. कटलफिशला उलटा केला तर मात्र त्याची कातडी बाजू बदलते: आता वर आलेल्या पोटावरच्या रंगपेशी उघडतात, खाली गेलेल्या पाठीवरच्या मिटतात. आडवा कलवला तर वरची अर्धी बाजू गडद होते. हे डोळ्यांवर चालत नाही, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावर चालतं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, “मग मागच्या बाजूलाही ठिपके लावा की.”

मास्तर लगेच हुक मोजायला लागले. १२० पैकी साठ रिकामे आहेत. पुढच्या रविवारी कापड, इलॅस्टिक आणि दोरीचं रीळ आणायचं. फलक फिरला की दोऱ्या आपोआप बदलाव्यात यासाठी लंबक लावायचा की वजनाची खटकी, यावर त्या दोघांचं अजून जमलेलं नाही.